पुढच्या सीटवरची बाई

सीट मागे आली ती एकदम. अंदाज घेत, हळूहळू नाही; कडी न वाजवता कुणी दार ढकलून आत यावं तशी. समोरच्या फळीवरचा कागदी पेला डचमळला, थोडं पाणी पँटवर सांडलं आणि त्याचे दोन्ही गुडघे चेमटले. विमान सरळ उडायला लागून जेमतेम पंधरा मिनिटं झाली असतील. बाहेर टळटळीत दुपार होती, खाली ढग होते आणि अजून अडीच तास जायचे होते. दुसरं कुणी पुढे असतं तर त्याने मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या, पाय तिरके केले असते आणि विषय तिथेच संपला असता. पण पुढच्या सीटवर त्याची बायको होती.

एकतीस वर्षांच्या संसारात या बाईने विचारल्याशिवाय काही केलं नव्हतं. खिडकी उघडू का? पंखा जरा कमी केला तर चालेल? आंघोळीला आधी तुम्ही जाताय की मी जाऊ? इतकं विचारायची की तो नुसता हुंकार द्यायचा, आणि तो हुंकार म्हणजे हो की नाही हे तिचं तिने ठरवायचं. तीच बाई आज मान न वळवता, ‘अहो, जरा मागे घेते हं’ एवढंही न म्हणता, बटण दाबून धाडकन रेलली. त्याने वाट पाहिली. आता वळेल, सीट आणि खिडकी यांच्यामधल्या फटीतून एक डोळा दिसेल, ‘लागलं का हो?’ म्हणेल. फटीतून फक्त तिचं कोपर दिसत होतं, राखाडी स्वेटरमधलं. ते हललं नाही. मागे आपण आहोत हे ती विसरली असेल? की आपण आहोत हे पक्कं माहीत असून तिने हे केलं? दोन्हीतलं कुठलं जास्त वाईट, हे त्याला ठरवता येईना. आणि एकदा मनात पाल चुकचुकली की गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. म्हणजे तोंडाने तो गप्पच बसायचा, पण आत त्याचं काम सुरू व्हायचं.

मुळात या जागाच अशा का मिळाल्या? सकाळी विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली होती की शेजारी-शेजारी दोन जागा अगदी शेवटच्या रांगेत आहेत, नाहीतर एकामागे एक, खिडकीच्या. तो तोंड उघडणार एवढ्यात ही म्हणाली, “एकामागे एक चालतील.” तेव्हा तिला खिडकी आवडते म्हणून त्याने सोडून दिलं. आता त्याला तो क्षण पुन्हा दिसला आणि तिचा आवाज जरा जास्तच तत्पर वाटला. मग बॅगा काट्यावर चढल्या. त्याची आठ किलोंची. चार दिवसांनी तो परतणार होता. तिची बावीस. लेकीचं बाळ दोन महिन्यांचं, लेकीला पुन्हा कामावर रुजू व्हायचं, म्हणून आई तीन महिने राहणार असं ठरलं होतं. तीन महिन्यांना बावीस किलो? त्यात तिचा हिवाळ्याचा कोट होता, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता उन्हाळा लागत होता. तीन महिन्यांत कुठला हिवाळा येणार होता? तिच्या आईचा फोटो होता, चौकटीसकट, टॉवेलात गुंडाळलेला. दोन्ही चष्मे होते. माणूस पाहुणा म्हणून जाताना आपला जुना चष्मा घेऊन जातं का?

हे असं जोडत जाणं हा त्याचा धंदाच होता. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या करून देणारा तो कारागीर; एका अरुंद इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याची खोली होती, उत्तरेकडे खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर मेणाच्या वड्या, बारीक कानशी, स्पिरिटचा दिवा आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. ज्यांचे जबडे त्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नव्हती. डॉक्टरांकडून साचा यायचा, तो त्यात प्लॅस्टर ओतायचा, सुकल्यावर हातात घेऊन उजेडाकडे धरायचा आणि त्या माणसाची कुंडली त्याला कळायची. हा झोपेत दात खातो. ही बाई एकाच बाजूने चावते, दुसऱ्या बाजूचं दुखणं डॉक्टरांनाही सांगत नाही. हा नखं कुरतडतो, हा दोरा दातांनी तोडतो, शिंपी असणार. डॉक्टर म्हणायचे, “दातवाले, तुम्ही पेशंटला न बघता एवढं ओळखता कसं?” तो हसून म्हणायचा, “बघितलं की माणूस बोलायला लागतो. बोलायला लागला की घोळ होतो.” ही आपली हुशारी आहे असं त्याला वाटत आलं होतं. न विचारता कळतं, मग विचारायचं कशाला?

एकदा, लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, ती जिथे नोकरी करायची त्या वाचनालयातून घरी उशिरा यायला लागली. पुस्तकांची मोजणी चालू आहे, म्हणायची. त्याने काही विचारलं नाही. एका दुपारी काम टाकून तो गेला आणि वाचनालयासमोरच्या सायकलच्या दुकानापाशी तासभर उभा राहिला. काचेतून ती दिसत होती. कपाटाच्या शिडीवर बसून एकटीच डबा खात होती, एका हाताने पुस्तक धरून. बाकी कुणी नाही. तो परत फिरला, सुटल्यासारखा आणि थोडा फसल्यासारखाही. पुढे कितीतरी वर्षांनी, मुलगी कॉलेजात गेल्यावर, कपड्यांच्या घड्या घालताना ती सहज म्हणाली होती, “त्या दिवशी सायकलच्या दुकानासमोर उभे होतात, ते आत का नाही आलात?” त्याने ‘कुठल्या दिवशी?’ असा चेहरा केला. तिने हातातला शर्ट घडी करून ठेवला आणि पुढचा उचलला.

“जाम अडकलात की हो तुम्ही,” शेजारचा माणूस म्हणाला.

हा शेजारी खांद्यांनी रुंद होता, त्याचा एक दंड याच्या हद्दीत आलेला होता. बसल्या बसल्याच त्याने सांगून टाकलं होतं की तो पोहायला शिकवतो, गेली बावीस वर्षं. तलावाच्या या काठावरून त्या काठाला ओरडून आवाज असा झाला होता की कुजबुजला तरी दोन रांगांना ऐकू जावं. त्याच्या पलीकडे, वाटेच्या बाजूला, कुणीतरी तोंडावर रुमाल टाकून झोपलं होतं.

“चालायचंच,” तो म्हणाला.

“चालायचंच कसं? सीट मागे घ्यायची काही रीत आहे की नाही? एक, मागे वळून बघायचं. दुसरं, विचारायचं. आणि घ्यायचीच तर हळू, माणसाला पाय काढून घ्यायला वेळ द्यायचा. मी तर खाणंपिणं आटपेपर्यंत घेतच नाही. ही तीन बोटं जागा, हीच काय ती आपली. ती पण दुसऱ्याने घ्यायची?” पोहणेमास्तरांनी पुढच्या सीटच्या पाठीकडे हनुवटी उडवली. “कोण आहेत? तुमच्याबरोबरच्या आहेत का?”

प्रश्न साधा होता. उत्तरही तयार होतं, दोन शब्दांचं. पण तेवढ्यात पुढून हसण्याचा आवाज आला. तिचाच. तिच्या शेजारी एक कॉलेजातली पोरगी बसली होती, तिच्याशी ती बोलत होती, आणि हसली ती मान मागे टाकून, सैल, मोठ्याने. असं हसणं त्याने घरात शेवटचं कधी ऐकलं होतं? फटीतून तुकडे येत होते. “…वरची खोली स्वतंत्र आहे, जिना बाहेरून…” मग इंजिनाचा आवाज. मग, “…तिकडच्या वाचनालयात विचारून ठेवलंय मी, आठवड्यातून तीन दिवस…” महिन्यापूर्वीच ती निवृत्त झाली होती. सहकाऱ्यांनी फुलं दिली, भाषणं झाली, घरी येऊन तिने चपला काढल्या आणि म्हणाली होती, “सुटले.” कशातून, ते त्याने विचारलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “ओळखीच्या नाहीत.”

म्हटलं आणि त्याला एक चमत्कारिक थंडावा वाटला. परक्या बाईसारखी वागतेस ना, मग परकीच हो. पुढच्या सीटवरची बाई. तिच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता, विरळ झालेला भांग, पांढरे केस आणि त्यात खोचलेली एक काळी पिन. हे डोकं आपण ओळखत नाही असं धरून पाहायचं, असा खेळ त्याने सुरू केला. कोण असेल ही? साठीला आलेली, हाताने विणलेल्या स्वेटरमधली, अनोळखी पोरीला वरच्या खोलीबद्दल सांगणारी. कुठून निघाली असेल? कुणाला सोडून? प्लॅस्टरचा जबडा उजेडाकडे धरावा तसं तो ते डोकं निरखत राहिला. नेहमी चटकन कळायचं. आज काहीच कळेना.

सँडविच आणि कॉफी आली. फळीवर पेला ठेवायला जागाच नव्हती. तो पेला छातीशी धरून बसला. मास्तरांना ते पाहवेना.

“तुम्ही बोला ना त्यांना.”

“राहू द्या हो.”

“राहू द्या काय? भिडेपोटीच माणसं बुडतात. तलावात रोज बघतो मी. नाकातोंडात पाणी जातं तरी हाक मारत नाहीत.” आणि त्याने अडवायच्या आत मास्तरांनी हात लांब करून पुढच्या सीटच्या पाठीवर टकटक केलं. “अहो ताई! ताई, जरा सीट पुढे घेता का? हे गृहस्थ मघापासून अंग चोरून बसलेत. कॉफी प्यायचे वांधे झालेत त्यांचे. तुमची ओळख नाही म्हणून बोलायला संकोचतात.”

दोन रांगांतली डोकी वळली. सगळ्यात शेवटी तिचं. सीटच्या वरून तिचा चेहरा आला, कपाळ, चष्मा, मग तोंड. आधी तिने मास्तरांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तो पेला छातीशी धरून होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही फारसं नव्हतं. वाचनालयात एखाद्याने पानं फाडलेलं पुस्तक परत आणलं की ते उघडून ती जशी बघायची, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “त्रास होतोय का तुम्हाला?”

एकतीस वर्षं ज्या ‘अहो’ने ती त्याला हाक मारत आली होती, तोच ‘अहो’. मास्तरांना त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. परक्या माणसालाही बाई अहोच म्हणते. पण त्याला त्या दोन अक्षरांमधून काहीतरी काढून घेतल्याचं ऐकू आलं.

“थोडा,” तो म्हणाला. आता बोलायला हवं होतं. अगं, असं काय करतेस, म्हणून हसायला हवं होतं. मास्तर बघत होते. ती पोरगीही अर्धी वळून बघत होती. त्याने पेल्यातल्या कॉफीकडे पाहिलं.

“मग सांगायचं ना,” ती म्हणाली. “माफ करा हं.”

ती वळली. बटणाचा बारीक आवाज झाला आणि सीट सरळ झाली. जेवढी झटक्यात मागे आली होती, तेवढीच हळू पुढे गेली. “झालं!” मास्तर म्हणाले. “काय अवघड होतं त्यात?” फटीतून त्या पोरीचा आवाज आला, “काय झालं काकू? कोण होतं?” आणि तिचा, नेहमीचा, शांत: “कुणी नाही गं. मागचे एक गृहस्थ.”

आता त्याच्यासमोर ऐसपैस जागा होती. पाय लांब करता येत होते, पेला ठेवता येत होता. त्याने तो ठेवला आणि कॉफी तशीच निवू दिली. पुढे ती अगदी ताठ बसली होती; डोकं सीटला टेकतही नव्हतं. मधूनच तिचा उजवा हात मागे कमरेशी जायचा, दाबायचा, परत यायचा. हे ती आपल्याला दाखवायला करते आहे, असं त्याला वाटलं. मग वाटलं, तिला कुठे दिसतंय आपण बघतोय ते. सकाळचं आठवलं. लिफ्ट बंद पडली होती. तो टॅक्सी बघायला खाली गेला आणि टॅक्सी मिळवून परत येतो तर ती इमारतीच्या खालच्या दारात उभी होती, दोन्ही बॅगा शेजारी, चेहरा लाल. तीन मजले. त्याने डिकी उघडली होती आणि म्हणाला होता, “चल, उशीर होतोय.” त्या वेळी बावीस किलोंचा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता, काट्यावर आकडा दिसल्यावर आला, आणि तोही पुरावा म्हणून.

कानांना दडे बसायला लागले. विमान उतरणीला लागलं असावं. ढग आता खिडकीला घासून जात होते, आत करडा उजेड पसरला होता. पुढची पोरगी कानात गाणी घालून बसली होती. तो पुढे वाकला, इतका की कपाळ सीटच्या पाठीला टेकलं, आणि फटीत तोंड घालून म्हणाला, “अगं.”

कोपर हललं नाही.

“अगं, ऐकतेस ना?”

“कुणाशी बोलताय?” ती न वळता म्हणाली.

“तुझ्याशी.”

“आपली ओळख नाही ना?”

त्याच्या शेजारी मास्तर वर्तमानपत्र वाचता वाचता थांबल्याचं त्याला जाणवलं. त्याने मान वळवली नाही. “चुकलं माझं,” तो फटीला म्हणाला. मग, एवढं बोलून थांबायला हवं होतं तिथे, आतला किडा बोललाच: “पण तू मागे बघितलंसुद्धा नाहीस. धाडकन सीट टाकलीस.”

“बसतानाच बघितलं होतं,” ती म्हणाली. “पाठ धरलीये सकाळपासून. मागे तुम्ही आहात म्हणून रेलले. दुसरं कुणी असतं तर ताठ बसून आले असते. परक्याच्या अंगावर कशी रेलणार मी?”

फटीतून गार वारा येत होता, त्यात तिच्या तेलाचा वास होता. आपण केवढं मोठं काहीतरी पायाखाली घेतलं हे त्याला कळत होतं आणि तरीही आतलं काम थांबत नव्हतं. कोट, चौकट, वरची खोली, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्यांदाच त्याला त्या जोडकामाची किळस आली. कानशीने घासत राहिलं की शेवटी दातच उरत नाही, तसं काहीतरी. त्याने डोळे मिटले आणि विहिरीत उडी मारणाऱ्या माणसासारखं एका दमात विचारलं, “तू परत येणार आहेस ना?”

कोपर मागे सरकलं. तिने आता मान वळवली असावी, कारण आवाज जवळून आला. “हे तुम्ही आत्ता विचारताय? उतरताना?”

“हो.”

“पंधरा दिवस बॅग पलंगावर उघडी होती. रोज तिच्या शेजारून जात होतात. आत डोकावत होतात, तेही मला माहीत आहे. कोट आत ठेवला, काढला, परत ठेवला. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. विचाराल म्हणून ती बंद करत नव्हते मी.”

“मग आता विचारतोय.”

“आता मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळे त्याला जास्त भीती वाटली. “सकाळी निघताना विचारलं असतं तर ‘येईन’ म्हणाले असते. आणि खरंच आलेही असते बहुतेक. दोन तासांपूर्वी विचारलं असतं तरी. आता थोडी थांबते. तीन महिने आहेत ना मध्ये.”

“आणि ती वरची खोली?”

“आहे. लेकीने दाखवली फोनवर. छान आहे.” थोडं थांबून ती म्हणाली, “तुम्हीही बघा. बघायला काही हरकत नाही.”

हे बोलावणं होतं की निरोप, हे विचारायला तो पुन्हा वाकला, पण पट्टा बांधा, फळ्या बंद करा, सीटा सरळ करा, अशी घोषणा झाली आणि हवाई सुंदरी रांगेपाशी येऊन त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो ताठ बसला. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडली.

“ओळख निघाली वाटतं,” ते म्हणाले. या वेळी खरंच हळू.

“बायको आहे माझी.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपला दंड उचलून स्वतःच्या बाजूला ओढून घेतला आणि दोघांच्या मधला हात टेकायचा दांडा पूर्णच्या पूर्ण त्याला सोडून दिला. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. जमीन झपाट्याने वर येत होती. गोदामांची पत्र्याची छपरं, एक वळणदार रस्ता, रस्त्यावर अडकलेल्या गाड्या. यांपैकी कुठल्या बाजूला ती खोली असेल? बाहेरून जिना असलेली घरं त्याला अचानक सगळीकडे दिसायला लागली.

चाकं टेकली, माणसं उठली, वरचे कप्पे खडाखड उघडले. तिची रांग आधी निघाली. मास्तर वाटेत आडवे उभे राहिले आणि मागच्या लोकांना अडवून त्याला म्हणाले, “जा, जा, तुम्ही व्हा पुढे.” तो वाटेत आला तेव्हा ती बरोबर त्याच्या पुढे होती, दोन फुटांवर. एका हातात पर्स, दुसरा हात कमरेवर. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला.

“हो गं, उतरलो,” ती म्हणाली. “रडतोय का तो? घे, घे त्याला आधी… हो, व्यवस्थित. सामान घेऊन येतोच… बाबा?”

ती थांबली. किती वेळ थांबली हे त्याला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही. रांगेत कुणाचीतरी बॅग कुणाला लागली, कुणी सॉरी म्हणालं.

“आहेत ना,” ती म्हणाली. “माझ्या मागेच आहेत.”

“आहे गं!” तो ओरडला. एवढ्या मोठ्याने की झोपेतून उठलेला तो रुमालवाला दचकला, पुढची पोरगी वळून आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे बघायला लागली, आणि मागे मास्तर घसा खाकरले. “आहे मी! आईच्या मागेच आहे!”

तिने फोन कानापासून थोडा लांब, खांद्याच्या मागे धरला. त्याचा आवाज लेकीला ऐकू जावा म्हणून, की त्याच्या ओरडण्याने कानठळ्या बसल्या म्हणून, ते काही त्याला कळलं नाही. रांग सरकली, तसा तोही एक पाऊल सरकला आणि त्या फोनकडे तोंड करून बोलत राहिला.